ब्लू-रेचं चित्र अपेक्षेइतकं उठत नाही: दोष डिस्कचा, प्लेअरचा की टीव्हीचा?

तळमजला

नमस्कार मंडळी. जोडणी अशी आहे: ५५ इंची ४के एलईडी टीव्ही, साधा ब्लू-रे प्लेअर (४के डिस्क न चालणारा) आणि मध्ये एक एचडीएमआय केबल. सोफा टीव्हीपासून १२ फुटांवर. टीव्हीचं पिक्चर मोड खोक्यातून काढताना होतं तेच आहे, म्हणजे 'व्हिव्हिड'.

चार डिस्क लावून पाहिल्या आणि चौघींची तऱ्हा वेगळी. अलीकडचा एक अ‍ॅनिमेशनपट झकास दिसतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. १९८०च्या दशकातल्या एका इंग्रजी सिनेमात पडदाभर मुंग्या वळवळल्यासारखे दाणे दिसतात, विशेषतः आकाश आणि भिंतींवर. तीन तासांच्या एका हिंदी सिनेमात गाणी सुरू झाली की चित्र चौकोन-चौकोन फुटतं. दुसऱ्या, जुन्या हिंदी सिनेमात चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे गुळगुळीत आहेत आणि माणसांच्या कडेनं पांढरी रेघ दिसते. शिवाय चारही डिस्कवर रात्रीचे प्रसंग काळे न दिसता राखाडी दिसतात.

एवढे पैसे देऊन डिस्क घ्यायची ती चित्रासाठीच. तर हे दोष डिस्कमध्येच आहेत की माझ्या जोडणीत? केबल बदलू का? की सरळ ४के प्लेअर घेऊ?

रीळवाला

केबल राहू द्या. एचडीएमआयमधून आकडे जातात. केबल बिघडली तर चित्र जातं-येतं, पडदा काळा होतो किंवा पांढरे ठिपके चमकतात. चित्र मऊ होणं, मेणचटणं, चौकोन पडणं हे केबलमुळे होत नाही.

दाणे आणि मेणचट चेहरे यांबद्दल लिहितो, कारण या दोन तक्रारी एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

इंग्रजी सिनेमातले दाणे फिल्ममधूनच आलेले आहेत. ३५ मिमी फिल्मवर प्रकाश टिपणारे सिल्व्हर हॅलाइडचे कण असतात आणि रंगीत फिल्म धुतल्यावर त्यांच्या जागी रंगाचे सूक्ष्म डाग उरतात. प्रत्येक चौकटीत त्यांची रचना निराळी, म्हणून सेकंदाला २४ चौकटी पळताना ते सळसळताना दिसतात. डीव्हीडीच्या ७२० × ५७६ ठिपक्यांत एवढा बारकावा मावत नव्हता. ब्लू-रेच्या १९२० × १०८० मध्ये तो मावू लागला आणि लोकांना वाटलं की डिस्कच खराब निघाली. चांगल्या तुपाला रवा असतो तसा हा रवाळपणा आहे. चेहऱ्यावरची छिद्रं, सुती कापडाची वीण, दाढीचे खुंट हे सगळं त्या दाण्यांतूनच आकाराला आलेलं असतं. दाणे पुसायला गेलात की तेही पुसलं जातं.

तुमच्या दुसऱ्या हिंदी सिनेमात नेमकं तेच झालंय. डिस्क बनवताना 'स्वच्छ' दिसावं म्हणून नॉइज रिडक्शन जोरात चालवलं जातं. सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या चौकटी ताडून पाहतं आणि जे सतत बदलतंय ते खोडतं. दाणे जातात, त्यांच्याबरोबर त्वचाही जाते. मग चित्र मऊ झालं म्हणून वरून एज एन्हान्समेंट (कडांना कृत्रिम धार) लावतात. तुम्हाला दिसणारी पांढरी रेघ ती हीच.

ओळखायचं कसं? चेहरा जवळून दिसणाऱ्या प्रसंगावर पॉज करा. कपाळावर काहीच पोत नसेल पण भुवया मात्र कोरल्यासारख्या ठसठशीत असतील, तर हात फिरवलेला आहे. मग आकाशासमोरचा विजेचा खांब किंवा गडद कोटाची खांद्याची कड शोधा. तिच्या बाहेरून उजळ झालर दिसली की शंकाच नको. तिसरी खूण हलत्या चित्रात सापडते: माणूस चालतोय, पण मागच्या भिंतीवरचे दाणे जागच्या जागी थिजलेत किंवा माणसाबरोबर फरफटत जातायत. मात्र ही तपासणी टीव्हीचं स्वतःचं नॉइज रिडक्शन बंद करून करा, नाहीतर टीव्हीचा गुन्हा डिस्कच्या माथी बसेल.

हे मोठ्या इंग्रजी सिनेमांबाबतही झालंय. 'प्रिडेटर'ची २००८ची ब्लू-रे जुन्या एमपीईजी-२ कोडेकमध्ये (चित्र दाबून साठवायच्या पद्धतीत) आहे, दाण्यांनी भरलेली. २०१०ची आवृत्ती नव्या कोडेकमध्ये आली, पण दाणे इतके पुसले की चेहरे प्लास्टिकचे दिसू लागले. या दोघींत जाणकार जुनीच पसंत करत. 'ग्लॅडिएटर'च्या २००९च्या डिस्कमध्ये तर सुरुवातीच्या लढाईतले काही जळते बाण सफाईच्या सॉफ्टवेअरनं कचरा समजून खोडले होते. २०१०मध्ये नवीन ट्रान्सफर (फिल्मवरून उतरवलेलं डिजिटल चित्र) काढून ती परत आणावी लागली. म्हणून डिस्क विकत घेताना सिनेमाचं नाव पुरत नाही, कुठल्या वर्षीची आवृत्ती ते बघावं लागतं.

आणि चांगलं काम कसं असतं तेही आपल्याच सिनेमात बघायला मिळतं. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनमधल्या आगीत होरपळल्या. जे तुकडे वाचले ते बोलोन्याच्या प्रयोगशाळेत हातानं दुरुस्त करून ४केमध्ये स्कॅन केले आणि जिथे निगेटिव्ह वापरण्याजोगी नव्हती तिथे दुय्यम प्रती जोडल्या. २०१५च्या ब्लू-रेवर त्यामुळे काही शॉट लख्ख तर काही जरा मऊ आहेत. पण दाणे जागेवर आहेत. मऊ शॉटला खोटी धार लावायचा मोह टाळलाय, आणि मला त्या डिस्कचं सगळ्यांत जास्त कौतुक याचंच वाटतं.

बिटमोजणी

चौकोन का फुटतात त्याचा हिशेब सोपा आहे, प्रत्येकानं एकदा कागदावर करावा.

१०८०पी, २४ चौकटी, ८ बिट रंग, असं चित्र अजिबात न दाबता ठेवलं तर सेकंदाला जवळपास ६०० मेगाबिट लागतात. ब्लू-रेला चित्रासाठी जास्तीत जास्त ४० एमबीपीएसची (सेकंदाला ४० मेगाबिटची) मुभा आहे. म्हणजे उत्तम डिस्कवरसुद्धा चित्र १५ ते २० पट दाबलेलं असतं. एच.२६४ कोडेक नीट वापरला तर एवढं दाबलेलं डोळ्यांना कळत नाही.

आता तुमचा तीन तासांचा सिनेमा. एका थराची डिस्क २५ जीबीची, म्हणजे २ लाख मेगाबिट. तीन तासांचे सेकंद १०,८००. भागाकार साडेअठरा. त्यातून ५.१चा लॉसलेस (दर्जा न घटवता दाबलेला) आवाज साधारण ३ ते ४ एमबीपीएस खातो. मेन्यू, ट्रेलर, दुसरा ऑडिओ ट्रॅक हे वेगळंच. चित्राच्या वाट्याला सरासरी चौदा-पंधरा उरतात. दोन थरांच्या ५० जीबी डिस्कवर हाच सिनेमा आरामात तिसाच्या घरात ठेवता आला असता, पण एका थराची डिस्क स्वस्त पडते.

पंधरा एमबीपीएस बोलण्याच्या प्रसंगांना पुरतात, कारण पार्श्वभूमी हलत नाही आणि कोडेक आधीच्या चौकटीतलंच चित्र पुन्हा वापरतो. गाणं सुरू झालं की सगळं एकदम बदलतं: दीड-दोन सेकंदाला कट, जरीचे कपडे, कारंजं, धूर, उधळलेला गुलाल. गुलालाचा प्रत्येक कण स्वतंत्र दिशेनं उडतो, त्यामुळे आधीच्या चौकटीतून उचलण्याजोगं काही राहत नाही. मागणी अचानक ३५-४०वर जाते आणि कोटा संपलेला असतो. मग कोडेक १६ × १६ ठिपक्यांच्या तुकड्यांतला बारकावा टाकून देतो. तेच तुमचे चौकोन.

पडताळून बघायचं असेल तर बऱ्याच प्लेअरच्या रिमोटवर 'डिस्प्ले' किंवा 'इन्फो' बटण असतं, ते दाबलं की चालू बिटरेट (सेकंदाला किती बिट येतायत तो आकडा) पडद्यावर येतो. फुटणाऱ्या गाण्यात तो आकडा दहा-पंधरावरच अडकलेला दिसला तर दोष डिस्कचा. आकडा तीसच्या वर असूनही चौकोन दिसत असतील तर मूळ मास्टरच (ज्या प्रतीवरून डिस्क बनते ती) आधी कुठेतरी दाबलेला होता, उदाहरणार्थ टीव्ही प्रसारणासाठी काढलेल्या टेपवरून डिस्क बनवलेली. आणि चौकोनांबरोबर आवाजही तुटत असेल, चित्र थिजत असेल, तर पृष्ठभागावर बोटांचे ठसे किंवा ओरखडा आहे. मायक्रोफायबरच्या कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. ब्लू-रेचा माहितीचा थर वरच्या पृष्ठापासून फक्त ०.१ मिमी खोल असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिमी आत असे. म्हणून ब्लू-रेवर टणक लेप असला तरी मळ जास्त नडतो.

खरेदी करताना मागचं कव्हर वाचा. '५० जीबी' किंवा 'बीडी-५०' असेल तर बरं. 'एव्हीसी' (एच.२६४चंच दुसरं नाव) असेल तर बरं. '१०८०आय' लिहिलेलं असेल तर दोनदा विचार करा, कारण सिनेमा २४ चौकटींचा असताना त्याला इंटरलेस केलंय (चौकटीच्या ओळी एकाआड एक अशा दोन हप्त्यांत पाठवल्यात), म्हणजे मास्टर बहुधा प्रसारणाचा आहे. लाल रंगाच्या कडा जरा विरघळल्यासारख्या दिसतात, लाल साडीचा काठ नीट बघा, तो मात्र कुठल्याच डिस्कचा खास दोष नाही. ब्लू-रेत रंगाची माहिती ९६० × ५४० एवढीच साठवतात, उजेडाची पूर्ण १९२० × १०८०.

काळा_सोळा

मास्टर आणि बिटरेट झाले. राखाडी काळोखाचं मूळ मात्र घरातच आहे, आणि 'व्हिव्हिड' मोड वाचल्यावर बाकीचं निम्मंही तिथेच असणार असं वाटतं. या क्रमानं जा.

आधी मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. पहिल्या दिवशी चित्र पिवळट आणि मंद वाटेल. मास्टरिंगच्या मॉनिटरचा पांढरा ६५०० केल्विनचा असतो, व्हिव्हिडचा त्याहून बराच निळा, आणि डोळे निळ्याला सरावलेत. चार-पाच दिवस परत बदलू नका.

मग शार्पनेस. याचा तटस्थ बिंदू काही टीव्हींत ० असतो, काहींत १० आणि काहींत ५०, त्यामुळे नेटवरचा आकडा उचलू नका. सबटायटल पडद्यावर असताना पॉज करा, जवळ जा आणि अक्षरांभोवतीची झालर नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणा. तिथेच थांबा, त्याखाली गेलात तर चित्र धूसर होईल. व्हिव्हिडमध्ये शार्पनेस चढवलेला असतो आणि तो दाण्यांना धार लावून मुंग्या करतो. तुमच्या इंग्रजी सिनेमाचं दुखणं बहुतेक इथेच अर्धं कमी होईल.

नॉइज रिडक्शन, एमपीईजी नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, मोशन स्मूदिंग (मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस, कंपनीनुसार नाव) सगळं बंद.

पुढची गोष्ट लोक हमखास विसरतात: ओव्हरस्कॅन. काही टीव्ही जुन्या सवयीनं चित्राच्या कडा कापून उरलेलं ताणतात. तुमच्या टीव्हीत डिस्कच्या एका ठिपक्याचे नेमके चार ठिपके होतात, दोन आडवे दोन उभे, इतका सुबक हिशेब असतो. पाच टक्के ताणलं की तो मोडतो आणि अख्खं चित्र मऊ होतं. मेन्यूत 'जस्ट स्कॅन', 'फुल पिक्सेल' किंवा 'फिट टू स्क्रीन' शोधा. सिनेमास्कोप सिनेमाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या घालवायला झूम करू नका. २.३९:१च्या चित्रात मुळात सुमारे ८०० ओळीच असतात, झूम केलंत तर दोन्ही बाजूंचं चित्र कापून त्याच ताणाल.

आता काळा. व्हिडिओत काळा ० वर नसतो, १६ वर असतो, आणि पांढरा २३५ वर. प्लेअर १६–२३५ पाठवतोय आणि टीव्ही ०–२५५ समजून बसलाय, तर १६चा काळा राखाडी दिसतो. नेमकी तुमची तक्रार. (उलट झालं तर सावल्यांतला तपशील काळ्यात बुडतो, केस आणि काळे कपडे सपाट गोळा होतात.) प्लेअरमध्ये एचडीएमआय आउटपुट 'वायसीबीसीआर' करा. टीव्हीत 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' किंवा 'व्हिडिओ रेंज' ऑटोवर, आणि ऑटोनं जमलं नाही तर 'लिमिटेड' किंवा 'लो'वर. नंतर 'एव्हीएस एचडी ७०९' ही मोफत चाचणी डिस्क उतरवून साध्या डीव्हीडी-आरवर लिहा आणि तिचा ब्लॅक क्लिपिंगचा पॅटर्न लावा. त्यात क्रमांक लिहिलेल्या उभ्या पट्ट्या लुकलुकतात. खोलीत अंधार करा आणि ब्राइटनेस असा ठेवा की १७ क्रमांकाची पट्टी जेमतेम कळेल आणि १६ची पूर्ण गडप होईल. पाच मिनिटांचं काम आहे, पण रात्रीचे प्रसंग याच एका पट्टीवर ठरतात.

एवढं करूनही अंधाऱ्या खोलीत काळा राखाडीच राहिला तर तो पॅनेलचा स्वभाव. आयपीएस आणि व्हीए हे पॅनेलचे दोन प्रकार: आयपीएस एलईडीचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो, व्हीए पॅनेलचा ३००० ते ५०००:१. टीव्हीच्या मागे ६५०० केल्विनचा मंद दिवा लावलात तर डोळ्यांना फरक कमी जाणवतो.

प्लेअरमध्ये '२४पी आउटपुट' सुरू ठेवा. बंद असेल तर २४ चौकटी ६० हर्ट्झमध्ये बसवायला एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवतात, आणि कॅमेरा संथपणे आडवा फिरताना झटके बसतात.

शेवटी सोफा. ५५ इंची टीव्ही १२२ सेंमी रुंद असतो, म्हणून १९२०पैकी एक ठिपका ०.६३ मिमीचा. ६/६ नजरेला तो सुमारे २.२ मीटरपर्यंत, म्हणजे सव्वासात फुटांपर्यंत वेगळा कळतो. डीव्हीडीच्या ५७६ ओळींतली एक ओळ १.२ मिमीची पडते आणि ती चार मीटरपर्यंत कळते. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. त्या अंतरावर तुमचे डोळे डीव्हीडीपेक्षा फारच थोडं जास्त टिपू शकतात. सोफा ७–८ फुटांवर ओढता येत असेल तर इतर कुठल्याही खर्चाआधी तो ओढा.

तळमजला

सर्वांचे आभार. सांगितलेलं सगळं करून पाहिलं. ब्लॅक लेव्हल 'लो' केल्याबरोबर रात्र रात्रीसारखी झाली. शार्पनेस ५० वरून १० वर आला तेव्हा अक्षरांची झालर गेली, आणि इंग्रजी सिनेमातले दाणे आता वाळूसारखे बारीक दिसतात, त्रास होत नाही. हिंदी गाण्यात इन्फो बटणावर १३–१४ एमबीपीएस येतात, तेव्हा निकाल लागला. सोफा साडेआठ फुटांवर आलाय.

उरलेला प्रश्न: याच टीव्हीसाठी ४के प्लेअर घेण्यात अर्थ आहे का? बहीण न्यू जर्सीला असते, ती येताना प्लेअर आणि डिस्क दोन्ही आणू शकते.

बिटमोजणी

साडेआठ फुटांवर ५५ इंचात ४केचे जादा ठिपके कळणार नाहीत, त्यासाठी साडेतीन-चार फुटांवर बसावं लागेल. शिवाय २०००नंतरच्या कितीतरी सिनेमांचं अंतिम संपादन २केमध्ये, म्हणजे २०४८ ठिपक्यांच्या रुंदीत झालंय. त्यांची ४के डिस्क त्यातूनच मोठी केलेली असते. ४के डिस्कचा खरा फायदा १० बिट रंग (आकाशातले पट्टे जातात), रुंद रंगपट्टा, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा आवाका) आणि ८२ ते १२८ एमबीपीएसपर्यंतची मुभा यांत आहे. बऱ्याचदा ४केसाठी निगेटिव्ह नव्यानं स्कॅन केलेली असते, आणि जुन्या सिनेमांत तोच फरक सगळ्यांत मोठा दिसतो. पण एचडीआर डिस्क १००० किंवा ४००० निट्सवर (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) मास्टर केलेली असते. तुमचा टीव्ही ३००–३५० निट्सचा आणि लोकल डिमिंग (पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करायची सोय) नसलेला असेल तर एचडीआर मंद आणि निस्तेज वाटेल. आधी टीव्हीचा कमाल उजेड बघा. तो ६००च्या खाली असेल तर प्लेअरचे पैसे तूर्त ठेवा आणि त्यात चांगल्या आवृत्तीच्या साध्या ब्लू-रे घ्या.

सातासमुद्र

अमेरिकेतून प्लेअर आणण्याआधी तीन गोष्टी बघा. मागच्या पट्टीवर '१००–२४० व्होल्ट' आहे का? नुसतं '१२० व्होल्ट' असेल तर आपल्याकडे तो थेट लावता येणार नाही, ट्रान्सफॉर्मर लागेल. दुसरं, रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचं कुलूप. ४के डिस्कना रीजन नसतो, पण साध्या ब्लू-रेला असतो: अमेरिका ए, भारत सी. अमेरिकन प्लेअर फक्त ए आणि रीजन-मुक्त डिस्क वाचेल, आणि डीव्हीडीत तिथला रीजन १, आपला ५. म्हणजे घरातल्या जुन्या मराठी डीव्हीडींपैकी ज्यांवर रीजन ५ घातलाय त्या चालणार नाहीत. तिसरं, तिथले बरेच प्लेअर ५० हर्ट्झचा सिग्नलच घेत नाहीत, त्यामुळे रीजन-मुक्त असली तरी पाल पद्धतीची (आपल्याकडची, ५० हर्ट्झची) डीव्हीडी अडते.

नुसत्या डिस्क मागवणार असाल तर कव्हरच्या मागे षटकोनात ए, बी, सी यांपैकी कुठली अक्षरं आहेत त्याचा फोटो मागवून घ्या. तिन्ही असतील तर निर्धास्त घ्या. आणि ४केच्या खोक्यात सोबत साधी ब्लू-रेही येते म्हणून खूश होऊ नका. ती कित्येकदा जुन्याच मास्टरची असते, तेव्हा तिचं वर्ष आणि आवृत्ती वेगळी तपासा.